चालमास्तरांचा डावा पाय

चालमास्तरांना एकही वाद्य धड वाजवता येत नव्हतं. पेटीवर ते एका बोटानं सूर दाबून धरत, आणि दुसऱ्या हातात चहाची बशी. ढोलकीला त्यांनी हात लावलेला मी एकदाच पाहिला, तोही ती टेम्पोतून उतरवून घ्यायला. तरीही घुग्घुसला आमच्या वस्तीत जयंतीला म्हटलं जाणारं जवळजवळ प्रत्येक गाणं त्यांच्या चालीवर होतं. राजुरा, मूल, सावलीकडची मंडळं शब्दांचे कागद घेऊन त्यांच्या दाराशी येऊन बसत. त्यांचं खरं नाव कंपनीच्या हजेरीपटावर होतं, बाकी साऱ्या गावासाठी ते चालमास्तर. त्यांच्याजवळ होता तो फक्त एक डावा पाय, आणि त्याच पायाचं मी जे केलं ते सांगायला मी बसले आहे.

कागद घेऊन आलेल्या माणसाला ते आधी तीनदा मोठ्यानं वाचायला लावत. स्वतः भिंतीला टेकून, डोळे मिटून बसत. लिहिणारा बिचारा फुलून जायचा, की मास्तर आपल्या शब्दांत रंगले. एकदा एकानं विचारलंच, कसे वाटले म्हणून. मास्तर म्हणाले, "शब्द कोन आयकते बाप्पा? तू दम कुठी घेतं ते पाहून राह्यलो होतो." मग कागदाची चौघडी करून वरच्या खिशात, आणि मास्तर ड्युटीवर. खाणीतला कोळसा जिथं फुटतो आणि पट्ट्यावरून पुढं जातो, तिथं त्यांची ड्युटी. त्या आवाजात माणसं हातवाऱ्यांनीच बोलतात. त्या गदारोळात मास्तरांचा डावा पाय सुरू व्हायचा, आधी टाच, मग चवडा, मध्येच एक ठोका गाळून. कंपनीच्या जाड बुटांत डाव्याचा तळवा उजव्याच्या कितीतरी आधी झिजायचा. स्टोअरमधला बाबू म्हणायचा, "मास्तर, या खेपेले दोन्ही डावेच देऊ काय?"

चाल झाली तरी ती तीन दिवस कुणाला ऐकवायची नाही, हा त्यांचा नेम होता. गुणगुणायचीसुद्धा नाही. मी आठवीपासून बारावीपर्यंत त्यांच्या कोरसमध्ये होते. शेवटची ओळ दोनदा म्हणायची, एवढंच माझं काम, पण उत्सुकता मुख्य गायिकेपेक्षा जास्त. एकदा मी हट्टच धरला, नुसतं धृपद तरी म्हणून दाखवा. मास्तर डाफरले, "काऊन वो? भात शिजला नाई आन झाकण उघडून पाह्यतं? कच्च्या चालीले हवा लागली का ते मरते." मी फुरंगटून बसले. तीन दिवसांनी ती चाल ऐकली तेव्हा रुसवा कुठल्या कुठं गेला.

त्यानंतर व्हायची नळावरची परीक्षा. नवी चाल संध्याकाळी विहारात एकदाच म्हणायची, एकदाच. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर रिकामी बादली घेऊन वस्तीच्या नळावर रांगेत उभे. काकू, म्हणजे त्यांची बायको, घरात पाणी भरलेलं असतानाही त्यांना जाऊ द्यायची. बाया भांडणं करत, हंडे पुढं सरकवत, आणि त्या गलक्यात एखादी बाई स्वतःच्या नकळत कालची चाल गुणगुणू लागली, की मास्तर बादली तशीच घेऊन घरी येत. चाल पास. कुणीच नाही गुणगुणली, तर ती चाल ते पुन्हा आयुष्यात म्हणत नसत. रेकॉर्ड करून ठेवू म्हटलं तर हसत. "नळावर ज्याले याद नाई आली, ते मोबाईलमंदी ठिऊन काय लोणचं घालतं?" अशा किती चांगल्या चाली त्यांनी सोडून दिल्या असतील कोण जाणे. मला तरी दोन-तीन अजून आठवतात, आणि त्या मी कुणाला म्हणून दाखवत नाही.

बारावीच्या सुट्टीत ते आम्हा चार पोरींना धानोऱ्याकडच्या एका गावी घेऊन गेले होते. त्यांचा एक मित्र तिथं शाळेवर मास्तर होता. या मित्राला गावातल्या एका गोंड म्हातारीचं गाणं उतरवून घ्यायचं होतं. त्यानं मोठ्या आदरानं तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, समोर मोबाईल धरला. म्हातारीनं पहिली ओळ म्हटली आणि थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडली, तोंडाला पदर लावून हसली. सगळे म्हणायला लागले, वय झालं, विसरली असेल. चालमास्तर इतका वेळ मागं उभे होते, ते पुढं आले आणि म्हणाले, "खुर्चीवरून उठवा ना मायले." म्हातारी उठली. शेजारच्या सुनेच्या कमरेला हात घातला, दोन पावलं पुढं, एक मागं, आणि अख्खं गाणं न थांबता बाहेर आलं. परतीच्या एसटीत मास्तर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तिचं गाणं पायात हाये. बसवून मांगतलं तं ते कुठून देईन?" मित्रानं सुचवलं होतं की ही चाल तुम्ही जयंतीला वापरा. मास्तर नाही म्हणाले होते. ते त्यांचे पाय आहेत, माझे वेगळे, एवढंच.

हे मी मुद्दाम सांगते आहे. कारण पुढं जे झालं, त्यात मला 'माहीत नव्हतं' म्हणायची सोय नाही.

मी नागपूरला रेडिओग्राफीचा कोर्स केला आणि चंद्रपूरला एका खासगी सेंटरवर एमआरआयच्या मशीनवर लागले. आमच्या वस्तीतून असल्या कामावर गेलेली मी पहिलीच. पहिल्या सुट्टीत विहारात सगळ्यांनी मला घेरलं, तुझं मशीन काय करते म्हणून. मी तेवीस वर्षांची, अंगावर नवा पांढरा कोट. तो मी उगाचच घालून आले होते. मी म्हटलं, "डोक्यात काय चालते ते सारं दिसते आमाले." एक बाई म्हणाली, "मंग माह्या नवऱ्याचं पाह्यजो वो, काही चालतेच का नाई ते!" सगळे हसले. मास्तर तेवढे हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "चाल दिसते काय?" आणि मी, शहाणीनं, सांगितलं, "सारं दिसते मास्तर." मी ते विसरून गेले. त्यांनी गाठ मारून ठेवलं.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात पट्ट्यावर मास्तरांचा पाय आपोआप सुरू झाला. खिशात कागद नव्हता, कुणी शब्द दिले नव्हते, तरी पाय पडायला लागला, आणि मास्तर मनातून खूश झाले. पण तो थांबेना. घोट्यापासून मांडीपर्यंत सगळा पाय झटके द्यायला लागला आणि ते कठड्यावर कोसळले. सोबतच्या दोघांनी ओढून बाजूला घेतलं. दवाखान्यातून त्यांना आमच्या सेंटरवर पाठवलं, तेव्हा ते मला हेच पुन्हा पुन्हा सांगत होते. "पाय सुरू झाला वो पोरी, पन चाल आलीच नाई. खाली पाय, नुसता. असं कधी झालं नव्हतं."

त्यांच्या डोक्याचे फोटो पडद्यावर एकेक येत गेले आणि नको होतं ते दिसलं. डॉक्टरांच्या आधी आम्हाला दिसतं, आणि डॉक्टरांच्या आधी बोलायचं नसतं. मी तोंड धुऊन बाहेर गेले. मास्तर बूट चढवत होते. माझ्याकडं न पाहताच म्हणाले, "हाये काही तरी. तुहं तोंड नापास झालेल्या पोरावानी दिसून राह्यलं."

नागपूरचे एक सर्जन शनिवारी चंद्रपूरला यायचे. त्यांनी फोटो लावून नीट समजावलं. डोक्याच्या वरच्या भागात, मधल्या रेषेच्या जरा उजवीकडं गाठ आहे. ती काढावी लागेल, नाहीतर ती थांबणार नाही. बहुतेक माणसांचं बोलणं डाव्या बाजूला असतं, तेव्हा त्याला धोका कमी. काही दिवस डावा हातपाय मंद होतील, माणूस गप्प गप्प राहील, पण हळूहळू बरंचसं परत येतं. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन चाल?" डॉक्टर हसले नाहीत, हे मी त्यांच्या नावावर कायम जमा धरते. ते म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही." मास्तर उठून उभे राहिले. "बोलनं राहीन म्हनता. बोलून म्या काय दिवे लावले आजवर? चाल गेली तं मी उरून काय करू?" आणि ते ऑपरेशनला नाही म्हणून घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी काकू सेंटरवर आली. घुग्घुसवरून एकटी, पदराच्या टोकाला मास्तरांच्या गोळ्यांची चिठ्ठी बांधून. तिनं माझे दोन्ही हात धरले. "त्याइचा माह्यावर भरोसा नाई, डॉक्टरवर नाई. तुह्या मशीनवर हाये. तू सांगशीन तं आयकतीन. वाचव वो माय." मी सर्जनना फोन लावला आणि गळच घातली, काम करणाऱ्या मेंदूचे फोटो घेण्याची तपासणी करू, त्यात चालीचं काही दिसतं का पाहू. त्यांना पायाचा नकाशा तसाही हवाच होता. चालीबद्दल मात्र त्यांनी साफ सांगितलं, "हे बघा, मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथं रक्त जास्त जातं, मशीनला तेवढंच कळतं. रस्त्यावरून कोणत्या घरात दिवा लागलाय ते दिसतं. आत स्वयंपाक चाललाय की भांडण, ते दिसत नाही. आणि चाल करताना अख्ख्या वस्तीत दिवे लागत असतील, तर मी कोणतं घर सोडून देऊ? तुमच्या आग्रहासाठी करू, पण त्यांना खोटी आशा लावू नका."

मी मास्तरांच्या घरी गेले आणि यातलं अर्धंच सांगितलं. दिव्याचं सांगितलं, वस्तीचं गिळलं. मास्तरांचा चेहरा एकदम उजळला. "मंग झालं ना! दिवा दिसला का डॉक्टरले म्हना, तेवढं घर पाडू नोका." काकू चुलीपाशी बसून डोळे पुसत होती. मास्तर तयार झाले. मला त्या क्षणी आपण फार मोठं काम केल्यासारखं वाटलं, हेही कबूल करते.

तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला वस्तीतल्या एका शिक्षिकेनं लिहिलेला कागद दिला आणि तीनदा वाचायला लावला. खाणकामगारांवरचं गाणं होतं. 'उरात कोळसा घेऊन, उजेड दिला गावाला' असं धृपद. नवी चाल करायची तर शब्द नवे हवेत, हा त्यांचा हिशोब. माझा दम कुठं तुटतो ते त्यांनी डोळे मिटून ऐकलं. भिंतीला टेकलेल्या त्या माणसाकडं पाहून गाठीवर कुणाचा विश्वास बसला नसता.

मशीनमध्ये तीन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत डावं पाऊल हलवायचं आणि थांबायचं. दुसऱ्या फेरीत जुनी चाल मनातल्या मनात म्हणायची. तिसऱ्या फेरीत नव्या शब्दांना मनात चाल लावायची. नंतरच्या दोन फेऱ्यांत पाय अजिबात हलवायचा नाही. पायाचा दिवा आणि चालीचा दिवा एकमेकांत मिसळले तर कोणता कुणाचा ते कसं कळणार? शिवाय पाय हलला की डोकं हलतं आणि फोटो फिसकटतो. हे सगळं मी त्यांना नीट समजावलं. ते मान डोलावत होते, आणि मी सांगत होते की मानही डोलवायची नाही.

मशीन सुरू झालं की आत प्रचंड ठोकाठोक होते. लोक घाबरतात, काही जण रडतात. काचेमागून मी माइकवर विचारलं, ठीक आहे का. आतून मास्तरांचा हसरा आवाज आला, "अवो, हे तं आपल्या पट्ट्यावानीच वाजून राह्यलं!" दोन फेऱ्या छान झाल्या. तिसरी सुरू झाली आणि अर्ध्या मिनिटात त्यांचा डावा पाय पडायला लागला. टाच, चवडा, मध्येच एक ठोका गाळलेला. पडद्यावर फोटोच्या कडा दुहेरी व्हायला लागल्या. मी म्हटलं, "मास्तर, पाय." थांबला. पुन्हा सुरू झाला. "मास्तर, पाय नोका हालवू, फोटो खराब होते." थांबला, आणि पुन्हा सुरू. तिसऱ्यांदा मी मशीन बंद केलं, आत गेले, आणि त्यांच्या घोट्यावर रुंद पट्टा आवळून वर वाळूची पिशवी ठेवली. डोक्यावरच्या छोट्या आरशातून ते माझ्याकडं पाहत होते. काहीतरी बोलायला त्यांचे ओठ हलले, मग म्हणाले, "बांध." मी बांधला. धानोऱ्याची म्हातारी मला आठवली नाही. मला फक्त चांगला फोटो हवा होता. पुन्हा घेतलेली फेरी इतकी स्वच्छ आली की मी स्वतःवर खूश झाले, आणि पहिली बिघडलेली फेरी बाजूला टाकली.

सोमवारी आम्ही टॅक्सीनं नागपूरला निघालो, मास्तर, काकू आणि मी. वरोरा मागं पडल्यावर मास्तर हळूच म्हणाले, "पोरी, एक सांगू? तू पाय बांधला ना, त्या फेरीले म्या चाल नाई केली." मी वळून पाहिलं. "पाय बांधल्यावर कशी होईन? जुनीच म्हनत पडलो मनात. तुहं मशीन रिकामं जाऊ नये म्हनून. खरी चाल त्याच्या आंधीच्या डावाले आली होती. अर्धी. तू पट्टा बांधला तवा गेली. आज तिसरा दिवस, वापस येईन म्हनून वाट पाहून राह्यलो." म्हणजे ज्या घराला दिवा लागलेला मी डॉक्टरांना दाखवला होता, ते चालीचं घरच नव्हतं. आठवणीचं होतं. चालीची फेरी मी बिघडलेली म्हणून बाजूला टाकली होती.

चहाला थांबलो तेव्हा मी लांब जाऊन सर्जनना फोन केला आणि रडत रडत सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "ती फेरी चांगली आली असती तरी मला पायच दिसला असता. गाठ जिथं आहे तिथूनच काढायची आहे. तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही. त्यांना खरं सांगा आणि घेऊन या." मी परत आले. मास्तर बशीत चहा ओतत होते. "काय म्हनले?" काकू माझ्याकडं पाहत होती, नुसती पाहत होती. खरं सांगितलं असतं तर त्यांनी टॅक्सी तिथूनच माघारी वळवली असती, याची मला आजही शंभर टक्के खात्री आहे. मी म्हटलं, "चालन म्हनले. दोन्ही फोटो पाह्यले त्याइनं. सांभाळून करतीन." मास्तर चहा प्यायले. तो माणूस माझ्या शब्दावर टेबलावर जाऊन झोपला.

ऑपरेशन उत्तम झालं. हे मी उपहासानं म्हणत नाही, खरंच उत्तम झालं. पंधरा दिवस मास्तर गप्प होते, डावा पाय ओढत होते, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच. मग बोलायला लागले, चालायला लागले, स्वतः अंघोळ करायला लागले. जुनी गाणी पहिल्या शब्दापासून शेवटापर्यंत एकही सूर न चुकता म्हणत. नव्या फोटोत गाठीच्या जागी काळी पोकळी होती आणि बाकी मेंदू जिथल्या तिथं. काकूनं विहारात खीर वाटली. दोन महिन्यांनी मूलचं एक मंडळ कागद घेऊन आलं. मीही मुद्दाम गेले होते. मास्तरांनी तीनदा वाचायला लावलं, भिंतीला टेकले, डोळे मिटले. आम्ही सगळे त्यांच्या डाव्या पायाकडं पाहत होतो. तो चटईवर सरळ पडून होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि सरळ मनानं विचारलं, "झालं? मंग आता म्या काय कराचं?"

त्यानंतर माणसं यायची हळूहळू थांबली. मास्तरांच्या दोन्ही चपला आता सारख्याच झिजायला लागल्या. मला ते पाहवेना, म्हणून मी जाणं कमी केलं, आणि त्याबद्दल मला स्वतःची लाज वाटते.

मात्र ती बिघडलेली फेरी मी पुसू दिली नव्हती. ड्युटी संपली की मी ती उघडून बसायची. त्यात डोकं किती हलतं याचा एक आलेख निघतो, वरखाली जाणारी रेघ. मला वाटलं, त्या रेघेत निदान ठेका तरी असेल, ठेक्यावरून शब्द बसवू, शब्दांवरून काहीतरी. कागद घेऊन आठवडेच्या आठवडे मोजत बसले. मग एक दिवस डोक्यात प्रकाश पडला. मशीन दर तीन सेकंदांनी एक फोटो काढत होतं, आणि तीन सेकंदांत मास्तरांचा पाय पाच-सहा वेळा पडून जायचा. सगळे ठोके दोन फोटोंच्या मधल्या फटीत पडलेले. चाल तर सोडाच, ठेकासुद्धा त्या मशीनला शिवला नव्हता. रक्त कुठं गेलं ते दिसत होतं, आणि ते कशासाठी धावलं होतं ते नव्हतं. मी बंद पडद्यासमोर बसून ओक्साबोक्शी रडले. सफाईवाल्या मावशी म्हणाल्या, "घरचं कोनी गेलं काय वो?"

वर्षभरानं गाठ पुन्हा वाढली. या खेपेला डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. मी घुग्घुसला गेले तेव्हा दुपार होती, मास्तर खाटेवर, काकू दाराच्या चौकटीला धरून उभी. आवाज खोल गेला होता, पण डोकं शाबूत होतं. म्हणाले, "पोरी, तू काचेमांगं होती. त्या दिवशीची चाल तुले आयकू आली होती काय? थोडकीशी बी?" ती त्यांच्या मनात होती, कच्ची, आणि कच्ची चाल त्यांनी आयुष्यात ओठांवर आणली नव्हती. मला कशी ऐकू येणार? काकूनं दारातून हात जोडले. मी म्हटलं, "आली होती मास्तर."

"मंग म्हन."

मी आयुष्यात कधी चाल केली नव्हती. मी कोरसवाली, दुसऱ्याची शेवटची ओळ दोनदा म्हणणारी. मी डावा पाय जमिनीवर आपटायला लागले आणि 'उरात कोळसा घेऊन' म्हणायला सुरुवात केली. सुरुवात त्यांच्याच एका जुन्या गाण्यातून उचललेली, मधलं लग्नाच्या बँडमधलं, शेवट कुठला ते मलाही ठाऊक नाही. पूर्वीचे मास्तर असते तर पहिल्या ओळीलाच चप्पल आली असती अंगावर. मी त्या चपलेची वाट पाहत होते. मनातून विनवत होते, मास्तर, म्हणा ना, ही माझी नाही म्हणा. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "हो," ते म्हणाले, "हेच व्हय ते. अवो आयकलं काय, सापडली!" आणि काकूनं तोंडावर पदर घेतला.

मला कळलं, की त्यांच्यात आता चाल करणाराही उरला नव्हता आणि पारखणाराही. इतकं काही गेलं होतं आणि एकाही फोटोत ते दिसलं नव्हतं. पुढचे तीन आठवडे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत राहिले, "माही आखरीची चाल पोरीजवळ हाये." मग एका दुपारी ते गेले.

पुण्यानुमोदनाला विहार भरून बाहेर मंडप घालावा लागला. राजुरा, मूल, सावलीची मंडळं आली होती, धानोऱ्याचा शाळामास्तर मित्र आला होता. वंदना झाली, भाषणं झाली, आणि मग कुणीतरी माइकवर जाहीर केलं, आता मास्तरांची शेवटची चाल. मी नाही म्हणू शकले नाही, काकू पुढच्या रांगेत बसली होती. मी ती चाल म्हटली. एकदाच, नेमाप्रमाणे. बाया रडल्या. एका म्हाताऱ्या गायकानं माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "आखरीपर्यंत काय गोडवा होता!" मला धरणी फाटावी असं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांची बादली मागून घेतली आणि नळावर जाऊन रांगेत उभी राहिले. नळ आला. बायांची नेहमीची भांडणं सुरू झाली, हंडे सरकले. मी प्रत्येकीच्या तोंडाकडं पाहत होते. पलीकडं एक तरुण बाई कळशी लावून काहीतरी गुणगुणत होती, आणि तिचं डावं पाऊल ओल्या सिमेंटवर पडत होतं. मी दोघींना ढकलून तिच्याजवळ गेले आणि कान लावला. ती मास्तरांची चाल होती, मी शाळेत होते तेव्हाची, त्यांनी इथंच उभं राहून पास केलेली. माझी कुणाच्याच तोंडी नव्हती. पाणी जाईपर्यंत मी थांबले, मग बादली काकूला नेऊन दिली. माझी ती चाल मी पुन्हा कधी म्हटली नाही.